सवय सुटली, पण झोप येत नाही: मेलाटोनिनने ओपिऑइडची तलफ जाते का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ २९ वर्षांचा, आधी ओपिऑइड (अफूच्या जातीच्या) पेनकिलर आणि मग हेरॉइन, आता ६ आठवडे बंद आहे, तलफ आटोक्यात ठेवणारं ब्युप्रेनॉर्फिन हे उपचाराचं औषध चालू आहे आणि रात्री ३-४ वाजेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. तुम्ही कुठेतरी वाचलंत की मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं हॉर्मोन, ओपिऑइडमधून मिळणारं सुखच कमी करतं, म्हणून तो रात्री १ वाजता १० मिलिग्रॅमची गोळी घेतो, कधी दोन घेतो. आणि तुम्ही विचारताय की याने तलफ जाईल का, मग ब्युप्रेनॉर्फिन हळूहळू बंद करता येईल का, आणि उद्या या गोळीचीच सवय लागली तर काय.

मी बरीच वर्षं व्यसनमुक्तीच्या ओपीडीत काम करतेय, त्यामुळे सगळ्यात तातडीचं आधी सांगते. मेलाटोनिनच्या भरवशावर ब्युप्रेनॉर्फिन कमी करू नका. एका दिवसासाठीसुद्धा नाही. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या म्यू रिसेप्टरवर, म्हणजे ओपिऑइड जिथे जाऊन बसतात त्या जागेवर, घट्ट बसून राहतं, त्यामुळे तलफ आटोक्यात राहते आणि वरून काही घेतलं तरी त्याचा परिणाम बोथट होतो. ते काढलं की जागा मोकळी होते, शरीराची ओपिऑइड पचवायची सहनशक्ती उतरत जाते, आणि अशा वेळी एका वाईट रात्री माणसाने जुन्या अंदाजाने पूर्वीइतकंच घेतलं तर श्वास थांबतो. उपचार बंद केल्यानंतरच्या काळात ओव्हरडोसचे मृत्यू जास्त होतात ते यामुळेच. मेलाटोनिन त्या रिसेप्टरवर बसतच नाही, मग ते ब्युप्रेनॉर्फिनची जागा कशी घेणार?

आता तुमचा खरा प्रश्न मला जसा दिसतो तसा मांडते. तुम्ही गोळीबद्दल विचारलंय, पण अडचण रात्री १ ते ४ या तीन तासांची आहे. घर झोपलेलं, तो एकटा जागा, अंग कुरकुरतंय, आणि मेंदूला पक्कं माहितीय की कशाने दहा मिनिटांत शांत वाटेल. माझ्याकडे परत घ्यायला लागून आलेल्या लोकांना "त्या दिवशी काय झालं होतं" विचारलं की भांडण, पैसे, जुने मित्र हे सगळं येतंच, पण त्याच्या आधीच्या चार-पाच रात्री झोप नव्हती हे इतक्यांदा ऐकलंय की आता तो प्रश्न मी पहिलाच विचारते. म्हणजे झोपेचं तुम्ही मनावर घेतलंत ते अगदी बरोबर केलंत, फक्त गोळीकडून अपेक्षा वेगळी ठेवायला हवी.

झोपेचं हॉर्मोन हे नाव जरा फसवं आहे, खरं तर हे अंधाराचं हॉर्मोन आहे. १९५८ मध्ये एरन लर्नर या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने गुरांच्या मेंदूतल्या पिनिअल नावाच्या छोट्या ग्रंथींमधून ते वेगळं काढलं, आणि तो शोध चालला होता त्वचेच्या रंगासाठी, झोपेचा तेव्हा विषयच नव्हता. होतं असं की डोळ्यांवरचा उजेड कमी झाला की मेंदूतलं मुख्य घड्याळ निरोप धाडतं, तो पाठीच्या कण्यातून आणि मानेतल्या नसांच्या गाठीतून फिरून पिनिअलपर्यंत पोचतो, तिथे नॉरअॅड्रिनलिन हे निरोप पोचवणारं रसायन सुटतं आणि सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनापासून मेलाटोनिन तयार व्हायला लागतं. माणसाच्या नेहमीच्या झोपेच्या साधारण २ तास आधी ते रक्तात चढायला लागतं. गंमत म्हणजे उंदीर रात्रीच जागा असतो, रात्रीच पळतो, खातो, आणि त्याचंही मेलाटोनिन रात्रीच वाढतं. म्हणजे हे हॉर्मोन शरीराला "झोप" असं सांगत नाही, "रात्र झाली" एवढंच सांगतं, पुढे काय करायचं ते त्या प्राण्याचं घड्याळ ठरवतं. उंदराचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ओपिऑइडचं सुख येतं कुठून? मेंदूच्या मध्यभागी डोपामिन, म्हणजे ओढ आणि सुखाशी जोडलेलं रसायन, सोडणाऱ्या पेशींचा एक पुंजका आहे, त्याला व्हीटीए म्हणतात. त्या पेशींना दाबून धरणाऱ्या दुसऱ्या पेशी शेजारीच असतात, त्यांचं कामच ब्रेक लावण्याचं. ओपिऑइड या ब्रेकवाल्या पेशींना गप्प करतं. ब्रेक सुटला की डोपामिन जोरात वाहतं आणि न्यूक्लिअस अॅक्युंबन्स नावाच्या भागात पोचतं, तिथे मेंदू नोंद करून ठेवतो की हे महत्त्वाचं आहे, ही जागा, ही वेळ, ही माणसं लक्षात ठेव. पहिल्या काही वेळचं सुख पुढे ओसरतं, नोंद मात्र राहते, आणि तलफ म्हणजे बरीचशी ती नोंद. भावाला ठरावीक वेळी, ठरावीक रस्त्याने जाताना अचानक ओढ लागते ना, ते हेच.

मग मेलाटोनिन यात कुठे येतं? त्याचे एमटी१ आणि एमटी२ असे दोन रिसेप्टर आहेत, ते फक्त घड्याळाच्या भागात नाहीत, या सुखाच्या (रिवॉर्डच्या) वाटेवरही सापडतात, आणि प्राण्यांच्या मेंदूच्या काही भागांत मेलाटोनिनमुळे डोपामिनचं सुटणं कमी होतं हे जुन्या प्रयोगांतून दिसलेलं आहे. तुम्ही जे वाचलंत ते बहुधा उंदरांच्या प्रयोगांबद्दल असणार. पंजाब विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं की मॉर्फिनसोबत मेलाटोनिन दिलं तर उंदरांमध्ये मॉर्फिनची सहनशक्ती (म्हणजे त्याच परिणामासाठी जास्त मात्रा लागणं) आणि शारीरिक अवलंबित्व कमी होतं. २००८ मध्ये आणखी एक प्रयोग आला, दोन कप्प्यांच्या पेटीचा. उंदराला एका कप्प्यात मॉर्फिन देतात, दुसऱ्यात नुसतं सलाइन, काही दिवसांनी काहीच न देता मोकळं सोडलं तर तो मॉर्फिनवाल्या कप्प्यात जाऊन बसतो, म्हणजे त्या जागेची ओढ तयार झाली. मेलाटोनिन दिल्यावर ही ओढ कमी झालेली दिसली.

हे वाचून आशा वाटते, मलाही वाटली होती. पण उंदरावरून भावापर्यंत यायचं तर दोन-तीन गोष्टी मध्ये उभ्या आहेत. एक तर मघाशी म्हटलं तसं उंदराची रात्र म्हणजे त्याचा दिवस, त्यामुळे "रात्र झाली" या निरोपाचा अर्थ त्याच्या मेंदूत आणि आपल्या मेंदूत एकच असेल असं धरून चालता येत नाही. दुसरं, प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त वापरली जाणारी उंदरांची जी जात आहे, सी-५७ ब्लॅक-६, तिच्यात मेलाटोनिन बनवणाऱ्या एन्झाइममध्येच दोष असतो, ते उंदीर स्वतः मेलाटोनिन जवळजवळ बनवतच नाहीत, त्यामुळे कुठली जात वापरली यावर निकाल बदलू शकतो. आणि तिसरं, मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की उंदराला त्या कप्प्याची ओळख होऊन जेमतेम आठवडा झालेला असतो आणि तुमच्या भावाच्या मेंदूत काही वर्षांची नोंद आहे, माणसांसकट, आठवणींसकट.

माणसांमधलं चित्र जास्त साधं आहे. मेथाडोनवर (ब्युप्रेनॉर्फिनसारखंच उपचारात दिलं जाणारं ओपिऑइड) असलेल्या लोकांना १२ आठवडे रोज मेलाटोनिन देऊन केलेल्या एका छोट्या चाचणीत झोपेची गुणवत्ता आणि उदासी सुधारलेली दिसली. हे चांगलंच आहे, पण झोप सुधारणं वेगळं आणि ओपिऑइडची चटक जाणं वेगळं. आणि साध्या निद्रानाशात सगळ्या चाचण्या एकत्र करून बघितल्या तर मेलाटोनिनने झोप लागायला लागणारा वेळ सरासरी ७ मिनिटांनी कमी होतो. सात मिनिटं! ज्याला ४ वाजता झोप लागतेय त्याला हे काहीच नाही. म्हणून झोपेची गोळी म्हणून ते अगदी लेचंपेचं आहे. घड्याळ सरकवण्यासाठी मात्र ते खरंच कामाचं आहे, आणि माझ्या अनुभवात ओपिऑइड सोडलेल्या बऱ्याच लोकांचं मुख्य दुखणं घड्याळाचंच असतं.

इथे आणखी एक रेणू सांगायला हवा, कारण झोप आणि ओपिऑइड यांचा जो खरा घट्ट धागा आहे तो मला मेलाटोनिनपेक्षा तिथे दिसतो. त्याचं नाव ओरेक्सिन, काही जण हायपोक्रेटिन म्हणतात, १९९८ मध्ये दोन गटांनी वेगवेगळा शोधला म्हणून दोन नावं. हा झोपेचा नाही, जागं ठेवणारा. नार्कोलेप्सी नावाच्या आजारात माणूस दिवसा बसल्याबसल्या झोपतो, त्यात या ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशी जवळपास नाहीशा झालेल्या असतात. २०१८ मध्ये हेरॉइनचं व्यसन असलेल्या लोकांचे मृत्यूनंतर मेंदू तपासले तेव्हा उलटं दिसलं, ओरेक्सिनच्या दिसून येणाऱ्या पेशी इतरांपेक्षा सरासरी ५४ टक्के जास्त होत्या, आणि उंदरांना बरेच दिवस मॉर्फिन दिलं तर त्यांच्यातही तसंच झालं. हेच ओरेक्सिन डोपामिनच्या त्या पुंजक्यालाही चेतवतं. म्हणजे जागं ठेवणारी आणि ओढ लावणारी यंत्रणा बऱ्याच अंशी एकच आहे आणि ओपिऑइडने ती फुगलेली असते. पेशंट जेव्हा सांगतो की "मॅडम, अंग दमलंय पण डोकं बंदच होत नाही आणि डोक्यात तेच एक चाललंय", तेव्हा मला तरी हेच डोळ्यांसमोर येतं. ओरेक्सिन अडवणारं सुवोरेक्संट नावाचं झोपेचं औषध अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झालं, आणि २०२२ मध्ये आलेल्या ३८ लोकांच्या चाचणीत ब्युप्रेनॉर्फिन डॉक्टरांच्या देखरेखीत उतरवताना ते दिल्यावर झोप वाढली आणि त्रासही कमी झाला. चाचणी छोटी आहे, त्यामुळे लगेच ते मागायला धावू नका, पण संशोधन कुठल्या दिशेला चाललंय ते तुम्हाला माहीत असावं.

तर इथपर्यंतचं थोडक्यात: मेलाटोनिन माणसात ओपिऑइडचं सुख पुसतं असा भरवसा नाही, ते तलफेचं औषध नाही, पण विस्कटलेलं घड्याळ जागेवर आणायला मदत करतं आणि त्यातून रात्र लहान होते, तलफेला मिळणारा वेळ कमी होतो.

आता भाऊ ही गोळी घेतो कशी, ते बघू. रात्री १ वाजता १० मिलिग्रॅम, म्हणजे वेळही चुकली आणि मात्राही. गोळीतल्या मेलाटोनिनचं रक्तातलं आयुष्य लहान असतं, पाऊण तासाच्या आसपास अर्धं उतरतं, पण मात्रा मोठी असली की ते सकाळपर्यंत रेंगाळतं. सकाळी ८-९ ला जेव्हा मेंदूला "दिवस उजाडला" कळायला हवं तेव्हा रक्तात अजून रात्र चालू असते, मग तो १२ वाजता उठतो, आणि त्या रात्री पुन्हा ३ वाजतात.

माझ्याकडे एक जण यायचा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलतेय), त्याला मी एक वही दिली होती, रात्रीचं फक्त लिहून ठेवायचं, विचार करायचा नाही. पहिल्या आठवड्याचं एक पान असं होतं: ११.४० दिवा बंद. १२.३० उठलो. १.१० गोळी. २.०० अजून एक गोळी. २.२० मोबाइल. ३.०० नंबर काढला, लावला नाही. ४.१५ झोपलो असेन. उठलो १२.५०. ती "नंबर काढला, लावला नाही" ओळ वाचून मी बराच वेळ काही बोलले नाही. त्याला मी गोळी वाढवून दिली नाही, उलट २ मिलिग्रॅमवर आणली आणि वेळ रात्री ९ केली, सोबत सकाळी ८ ला उठायचंच, झोप झालेली असो वा नसो, आणि उठल्यावर अर्धा तास बाहेर उजेडात. पहिले दहा दिवस त्याला काहीच फरक वाटला नाही, चिडला होता माझ्यावर, आणि त्याचा राग बरोबरही होता कारण तो दिवसभर पेंगत होता. तिसऱ्या आठवड्यात वहीत १२.४५ ला झोप आली. तलफ होती, तशीच होती, पण ३ वाजता जागाच नसल्यामुळे तो नंबर काढायची वेळ आली नाही. ब्युप्रेनॉर्फिन पूर्ण वेळ चालूच होतं.

हे सगळ्यांना तसंच लागू पडेल असं नाही, कारण झोप न येण्याची कारणं वेगळी असतात, आणि म्हणूनच मी तुम्हाला काही गोष्टी बघायला सांगणार आहे. पहाटे उठतो तेव्हा घाम, नाक गळणं, जांभया, अंगावर काटा, पाय सारखे हलवावेसे वाटणं असं आहे का? असेल तर तो घड्याळाचा प्रश्न नाही, ब्युप्रेनॉर्फिनचा डोस रात्रभर पुरत नाहीये, आणि त्यावर उपाय डॉक्टरांकडे आहे, मेलाटोनिनकडे नाही. पाय तळमळत असतील तर सर्दीच्या त्या झोप आणणाऱ्या गोळ्या अजिबात देऊ नका, त्याने पायांचा त्रास वाढतो. आणि ब्युप्रेनॉर्फिन संध्याकाळी घेतल्यावर त्याला उलट तरतरी येत असेल तर वेळ सकाळी करता येईल का ते विचारा, काहींना एवढ्याने फरक पडतो.

दुसरं म्हणजे श्वास. ओपिऑइड घेणाऱ्यांमध्ये, उपचाराच्या ओपिऑइडवर असलेल्यांमध्येसुद्धा, झोपेत मेंदूच श्वासाचा निरोप द्यायला चुकतो, त्याला सेंट्रल स्लीप अॅप्निया म्हणतात. मेथाडोनवरच्या ५० लोकांच्या एका अभ्यासात ३० टक्क्यांना तो सापडला होता. एका पेशंटच्या बायकोने मला फोनवर रेकॉर्डिंग ऐकवलं होतं, श्वास, श्वास, मग शांतता, मी मनात मोजलं तर १८ पर्यंत गेले, मग दचकून एक मोठा श्वास. तो माणूस दोन वर्षं सांगत होता की मला झोप लागते पण फ्रेश वाटत नाही, आणि सगळे त्याला झोपेच्याच गोळ्या देत होते. तुम्ही एक-दोन रात्री भाऊ झोपल्यावर दहा मिनिटं नुसतं ऐका. असे थांबे दिसले तर डॉक्टरांना लगेच सांगा.

आणि याच कारणाने अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम (या बेन्झोडायझेपिन गटातल्या, शांत करणाऱ्या गोळ्या) किंवा दारू झोपेसाठी चालणार नाही, कुणी कितीही प्रेमाने दिली तरी. ओपिऑइडसोबत बेन्झोडायझेपिन श्वास दाबतं, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१६ मध्ये दोन्हींवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला तो यासाठीच. मेलाटोनिनची जमेची बाजू खरं तर हीच आहे, ते श्वास दाबत नाही. घरात नॅलोक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा ओव्हरडोस उतरवणारं औषध, ठेवायची सोय असेल तर ठेवा, आणि कसं द्यायचं ते घरातल्या सगळ्यांना शिकवून ठेवा.

सवय लागेल का म्हणून तुम्ही घाबरताय. बेन्झोसारखी किंवा ओपिऑइडसारखी नाही लागत, बंद केल्यावर अंगाला विड्रॉवल (सोडल्यावरचा त्रास) येत नाही, मात्रा वाढवत न्यावी अशी ओढही नसते. पण "झोप येत नाही, गोळी घे, अजून येत नाही, अजून एक घे" ही जी हाताची सवय आहे ती जुन्या सवयीसारखीच दिसते, म्हणून मी गोळी पेशंटच्या हातात ठरावीक वेळी एकच देते आणि रात्री उठून घ्यायची परवानगी देत नाही. तुमच्याकडे डबी तुम्ही ठेवा.

विकत घेताना काळजी घ्या. २०१७ मध्ये कॅनडात मेलाटोनिनची ३१ उत्पादनं तपासली तेव्हा काहींत लेबलपेक्षा ८३ टक्के कमी तर काहींत ४७८ टक्के जास्त मेलाटोनिन निघालं, आणि आठ उत्पादनांत चक्क सेरोटोनिन सापडलं. त्यामुळे सप्लिमेंटच्या डबीपेक्षा डॉक्टरांनी लिहून दिलेलं, औषध म्हणून बनलेलं मिळत असेल तर तेच घ्या. भाऊ डिप्रेशनसाठी फ्लुवोक्सामिन घेत असेल तर मेलाटोनिन देऊच नका, रक्तातली पातळी कित्येक पटींनी चढते. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तरी आधी विचारा. सिगरेटने उलटं होतं, मेलाटोनिन लवकर उतरतं, आणि त्याने सिगरेट सोडली तर तीच मात्रा जास्त वाटू शकते.

एक सांगायचं राहिलं. झोप येत नसताना त्याला पलंगावर पडून राहायला लावू नका. वीस-पंचवीस मिनिटं झाली की उठून दुसऱ्या खोलीत बसू दे, मंद दिवा, मोबाइल नाही, झोप आली की परत. आणि त्या वेळी कुणीतरी जागं असेल, निदान "हाक मार, मी उठेन" असं त्याला कुणी सांगितलेलं असेल, तर त्याचा उपयोग कुठल्याही गोळीपेक्षा जास्त होतो. रोज तुम्हीच जागू नका, घरात वाटून घ्या, नाहीतर दोन आठवड्यांत तुम्ही आजारी पडाल.

डॉक्टरांची पुढची भेट येईपर्यंत एवढं करा: १० मिलिग्रॅम आणि रात्री १ ची गोळी थांबवा, आणि लहान मात्रेत, झोपायच्या दोन तास आधी चालेल का हे डॉक्टरांना फोनवर विचारून घ्या. वही आजच सुरू करा, दिवा कधी बंद झाला, झोप कधी लागली असेल, उठला कधी, तलफ किती वाजता आली आणि किती वेळ राहिली. सात दिवसांचं झालं की इथे टाका, नाव-गाव काही नको, नुसत्या वेळा. तो सकाळी किती वाजता उठतोय ते मी आधी बघेन, रात्रीचं नंतर.